नवी पिकअप, पहिली ट्रॉली: इंजिन रुळेपर्यंत काय ओढायचं, कधी आणि किती

गोव्यात ३१ जुलैला मासेमारीबंदी संपते, पाठोपाठ चवथ येते, मग पर्यटनाचा हंगाम आणि लग्नसराई. बऱ्याच नव्या पिकअप याच धांदलीत दारात उभ्या राहतात. नारळ फोडून आठ दिवस होत नाहीत तोच मागे फायबर होडीची नाहीतर जनरेटरची ट्रॉली लागते. गाडी दणकट दिसते, शोरूमवाल्याने 'काही होत नाही' म्हटलेलं असतं, आणि खरंच त्या दिवशी काही होत नाही. झालेलं पंधरा-वीस हजार किलोमीटरवर कळतं: ऑइल पिणारं इंजिन, ताशी साठच्या वर हुंकारणारा क्राउन (मागच्या ॲक्सलमधलं मोठं दातेरी चाक), वास मारणारा क्लच. जमत असेल तर गाडी जूनमध्येच ताब्यात घ्यावी. समुद्र बंद, काम कमी, आणि हजार किलोमीटर निवांत चालवायला दोन महिने हातात.

कंपन्या काय सांगतात

टोयोटाचं मॅन्युअल पहिले ८०० किमी ट्रॉली ओढू नका म्हणतं. पहिले ३०० किमी करकचून ब्रेक टाळायचे, आणि १००० किमीपर्यंत अतिवेग, एकदम जोराचा पिकअप आणि तासन्‌तास एकाच वेगात चालवणं टाळायचं. फोर्ड एफ-१५० साठी ट्रॉलीची मर्यादा १००० मैल, म्हणजे १६०० किमी. जनरल मोटर्स आणि रॅम ५०० मैल, म्हणजे साधारण ८०० किमी थांबायला सांगतात आणि पुढे आणखी एक अट घालतात: ट्रॉली लावल्यावरच्या पहिल्या ८०० किमीत ताशी ८० च्या वर जायचं नाही आणि पॅडल तळाला नेऊन सुटायचं नाही. हा दुसरा टप्पा आपल्याकडे कुणी पाळत नाही. खरं तर तोच जास्त महत्त्वाचा आहे. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा वेगळा असेल तर तो धरा. काहीच लिहिलेलं नसेल तर १००० किमी रिकामी-अर्धी आणि पुढचे ८०० किमी ट्रॉलीसह सांभाळून, हा हिशोब चालतो. किती वजन ओढायची परवानगी आहे, हे मात्र डीलरकडून लेखी घ्या.

इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल किंवा चाकाचं बेअरिंग नवं बसवलं तरी पुन्हा ८०० किमी थांबा, असंही टोयोटा सांगते. म्हणजे प्रश्न एकट्या इंजिनाचा नाही.

आत नेमकं काय बसतं

सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर कारखान्यात होनिंगचे बारीक तिरके चरे पाडलेले असतात. पिस्टनची रिंग त्या चऱ्यांच्या टोकांवर घासून गुळगुळीत होते आणि भिंतीला घट्ट बसते. तिला भिंतीवर दाबतो तो मुख्यतः ज्वलनाचा दाब. वायू रिंगच्या मागे शिरून तिला बाहेर ढकलतो. म्हणून नवी गाडी दह्याचं मडकं नेल्यासारखी हळू हळू चालवणं हाही घातच आहे. दाब कमी पडला की रिंग अर्धवट बसते, भिंतीवर ऑइलचा चकचकीत थर भाजला जातो आणि मग ऑइल जळतच राहतं. उलट पहिल्याच आठवड्यात टनभर ओढलं तर घासणाऱ्या टोकांवर उष्णता साचते. आजच्या इंजिनांत होनिंग बरंच तयार करूनच दिलेलं असतं, त्यामुळे इंजिन पूर्वीपेक्षा सोशीक आहे.

मागचा क्राउन-पिनियन (मोठं दातेरी चाक आणि त्याला फिरवणारं लहान चाक) तेवढा सोशीक नाही. त्यांचे वक्र हायपॉइड दाते एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, घसरतातही. नवे असताना दात्याचा थोडाच भाग एकमेकांना टेकतो. सगळा जोर त्या ठिपक्यांवर येतो, ऑइल तापून पातळ होतं आणि धातूला धातू लागतो. रिकाम्या गाडीने सुरुवातीच्या काही शे किलोमीटरमध्ये दाते एकमेकांना ओळखतात, टेकण्याचा भाग वाढतो. तो वाढायच्या आधी ट्रॉली लावली तर दात्यांवर ओरखडे पडतात आणि आवाज कायमचा राहतो. इंजिनाचं पहिलं ऑइल बदलायची सगळ्यांना घाई असते, मागच्या हाउसिंगमधलं, म्हणजे क्राउन-पिनियन ज्या डब्यात असतात त्यातलं ऑइल मात्र तीन-तीन वर्षं कुणी बघत नाही.

ताबा घेताना

गाडी यार्डातून येते तेव्हा टायरमध्ये बऱ्याचदा गरजेपेक्षा जास्त हवा असते. दाराजवळच्या स्टिकरप्रमाणे थंड टायरला मोजून घ्या. ऑइल, कूलंट, ब्रेकऑइल बघा. चाकांचे नट टॉर्क पान्याने तपासा, शंभर किलोमीटरवर पुन्हा.

टोइंग हूक याच काळात बसवून घ्यायचा, वापरायचा नंतर. तो चासीला बोल्टने बसणारा हवा, ८.८ किंवा १०.९ ग्रेडच्या बोल्टचा. चासीवर वेल्डिंग करू देऊ नका: उष्णतेने आजूबाजूचं पोलाद कमजोर होतं, आणि वॉरंटीवर पाणी पडतं ते वेगळंच. नवीन भोक पाडावंच लागलं तर कडांना झिंक प्रायमर लावल्याशिवाय बोल्ट घालू नका. खाऱ्या हवेत दुसऱ्या पावसाळ्यात तिथूनच गंज धरतो. ट्रॉलीच्या दिव्यांसाठी मागच्या लाइटची वायर सोलून जोड मारायची पद्धत जुन्या गाड्यांवर खपली. आता दिव्यांवर कंट्रोल युनिटचं लक्ष असतं, जादा भार दिसला की डॅशवर इशारा पेटतो. बॅटरीवरून फ्यूजसह वेगळी लाइन आणि रिले मॉड्यूल घ्या, ७ पिनचा सॉकेट लावा.

मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ट्रॉलीसुद्धा मोटार वाहनच आहे. तिची स्वतःची नोंदणी, नंबर प्लेट, दिवे आणि विमा लागतो. वर्कशॉपमध्ये बनवून घेतलेली बिनकागदांची ट्रॉली अपघातानंतर फार महागात पडते.

० ते ३०० किमी: रिकामी

सुरू केल्यावर वीस-तीस सेकंद थांबून निघा. पाच मिनिटं जागेवर गरम करत ठेवण्यात फायदा नाही. थंड इंजिन चालतानाच नीट तापतं. डिझेल २५०० आरपीएमच्या आसपास ठेवा, पेट्रोल साडेतीन हजारांच्या आत. त्याहून खाली, पाचव्या गिअरमध्ये हजार आरपीएमवर गुरगुरत नेणं टाळा.

नवे ब्रेक पॅड आणि डिस्क एकमेकांना धरायला वेळ घेतात. रस्ता मोकळा असेल तेव्हा ताशी ५० वरून १५ पर्यंत मध्यम दाबाने वेग कमी करा, मग अर्धा-एक किलोमीटर ब्रेक न लावता चाला. असं दहा-बारा वेळा. तापल्या ब्रेकवर पॅडल दाबून उभं राहायचं नाही, पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो आणि पुढे ब्रेक मारताना पॅडल थरथरतं. नव्या टायरचा पृष्ठभागही सुरुवातीला निसरडा असतो. पहिल्या पावसात जांभ्याची लाल माती डांबरावर आलेली असताना हे विसरू नका.

३०० ते १००० किमी: हौद्यात वजन, मागे काही नाही

एक टन क्षमतेची पिकअप धरू. ३०० किमीनंतर २५० किलो, म्हणजे सिमेंटच्या पाच गोण्या. ५०० किमीनंतर दहा गोण्या. वजन मागच्या ॲक्सलच्या थोडं पुढे ठेवा, हौद्याच्या शेवटच्या फळीशी नको.

रिंग बसवण्यासाठी मोकळा रस्ता शोधा. म्हापसा-पेडणे महामार्गावर किंवा वेर्ण्याच्या पठारावर पहाटे जमतं. तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये ताशी ४० वरून ७० पर्यंत पॅडल दोनतृतीयांश दाबून न्या, मग पाय उचलून गिअरमध्येच ४० पर्यंत येऊ द्या. आठ-दहा वेळा. वेग चढताना रिंगवर दाब येतो, वेग उतरताना सिलिंडर थंड होतो. 'पाय उचलला की निर्वात होऊन ऑइल वर खेचलं जातं' हे जुने मेकॅनिक सांगतात ते पेट्रोलबाबत खरं. डिझेलमध्ये तसा निर्वात फारसा होत नाही, तरी पद्धत दोघांनाही चालते. क्रूझ कंट्रोल या काळात विसरा. पणजी-मडगाव रोजचा प्रवास असेल तर तेवढाच पुरेसा नाही. अर्धा वेळ सिग्नलवर आणि रांगेत जातो, इंजिनावर भार येतच नाही.

बीएस-६ डिझेलवाल्यांसाठी एक जोड. एप्रिल २०२० पासूनच्या या गाड्यांत धुराची काजळी अडवणारा फिल्टर असतो आणि तो अधूनमधून स्वतःला जाळून साफ करतो. त्यासाठी सलग वीस-पंचवीस मिनिटं बऱ्या वेगाने चालणं लागतं. मध्येच किल्ली फिरवली की सफाई अर्धवट राहते, आणि त्यासाठी सोडलेलं जादा डिझेल काही गाड्यांत सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. दर ३०० किमीला सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक बघा. पातळी थोडी उतरली तर नव्या इंजिनात ते चालतं. वर चढत असेल आणि ऑइलला डिझेलचा वास येत असेल तर मात्र ऑइल बदलल्याशिवाय ट्रॉली नको.

हजारचं सर्व्हिसिंग

बऱ्याच कंपन्यांच्या पहिल्या मोफत सर्व्हिसमध्ये ऑइल बदलणं नसतंच, नुसती तपासणी असते. ट्रॉली ओढणार असाल तर पैसे देऊन बदलून घ्या. मॅन्युअलमध्ये लिहिलेल्याच ग्रेडचं ऑइल घाला. काजळीच्या फिल्टरला चालणारं कमी राखेचं ऑइल वेगळं असतं.

त्याच वेळी मागच्या हाउसिंगचं गिअर ऑइलही बदला. मेकॅनिक नवशिका असेल तर शेजारी उभं राहा आणि आधी वरचा फिलर नट सुटतो का ते बघायला लावा, मगच खालचा ड्रेन नट. खालचा उघडून सगळं ऑइल सांडलं आणि वरचा जाम निघाला की गाडी तिथेच अडकते. ड्रेन नटच्या चुंबकावर करडा, लोण्यासारखा मऊ लगदा असेल तर काळजी नाही, ती नव्या दात्यांची घासण आहे. बोटाला टोचणारे तुकडे आले तर तिथेच थांबून डीलरला फोटोसकट कळवा. नवं ऑइल जीएल-५ दर्जाचं, मॅन्युअलमधल्याच ग्रेडचं; सपाट जागी फिलरच्या भोकातून ओघळू लागेपर्यंत भरायचं.

ट्रॉलीचं वजन करा, अंदाज नको

होडीवाल्यांचा अंदाज नेहमी कमी निघतो. हिशोब मांडू: फायबरची होडी ४०० किलो, ४० हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन १००, पन्नास लिटर पेट्रोल ३७, जाळी-नांगर-बर्फाची पेटी ८०, आणि ट्रॉली स्वतः २५०. झाले ८६७ किलो, जिला मालक 'पाचशेची होडी' म्हणतो. औद्योगिक वसाहतींच्या आसपास किंवा खाणपट्ट्यात वजनकाटा मिळतो. भरलेली ट्रॉली एकदा त्यावर चढवा. ७५० किलोच्या वर असेल तर तिला स्वतःचे ब्रेक असलेच पाहिजेत असं धरून चाला.

हुकावर बसणारं वजन एकूण वजनाच्या साधारण १० टक्के हवं. इथे ८५-९० किलो. घरच्या वजनकाट्यावर ठोकळा ठेवून ट्रॉलीचं तोंड हुकाच्याच उंचीवर टेकवलं की आकडा मिळतो. काटा तेवढा पेलत नसेल तर एका बाजूला वीट आणि दुसऱ्या बाजूला काटा ठेवून वर मजबूत फळी टाका. ट्रॉलीचं तोंड विटेपासून एक फूट आणि काट्यापासून दोन फूट येईल असं टेकवा. काट्यावरचा आकडा, त्यातून नुसती फळी ठेवल्यावर काटा दाखवत होता तो आकडा वजा करून, गुणिले तीन म्हणजे खरं वजन.

हे वजन कमी पडलं, म्हणजे होडी ट्रॉलीवर मागे सरकलेली असेल, तर ताशी साठच्या पुढे ट्रॉली शेपटी हलवू लागते. अशा वेळी ब्रेक मारू नका आणि स्टिअरिंगने दुरुस्ती करायला जाऊ नका. ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक असेल तर फक्त तो हलका द्या. वजन फार जास्त झालं तर गाडीचं नाक वर येतं, स्टिअरिंग हलकं लागतं आणि समोरच्याच्या डोळ्यांत हेडलाइट जातो. हुकावरचं वजन हौद्यातल्या मालात मोजायचं, हेही लक्षात असू द्या.

निघण्याआधी हुकाच्या गोळ्यावर (बॉलवर) बसणारं लॉक बसलंय का ते ट्रॉलीचं तोंड जॅकने वर उचलून बघा. गाडीचा मागचा भाग सोबत उचलला गेला तर लॉक पक्कं. साखळ्या हुकाखाली एकमेकींना आडव्या जोडा, म्हणजे लॉक सुटलं तरी तोंड साखळ्यांच्या झोळीत पडेल, रस्त्यात रुतणार नाही. ट्रॉलीच्या टायरमध्ये हवा टायरवर लिहिलेल्या कमाल दाबाइतकी, थंड असताना. पंधरा किलोमीटरवर थांबून चाकांच्या मध्यावर हात लावा: कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर बेअरिंग फार आवळलेलं आहे किंवा ग्रीस संपलेलं आहे.

ट्रॉलीसह पहिले ८०० किमी

पहिले ३०० किमी अर्ध्या वजनाने आणि सपाटीवर. ताशी ६०-७०, कधीच ८० च्या वर नाही. डिझेल २००० ते २८०० आरपीएममध्ये ठेवा. इंजिन ओझ्याखाली घोगरं व्हायच्या आत गिअर खाली आणा. ऑटोमॅटिक असेल तर टो मोड (ट्रॉली ओढण्यासाठीची गिअरची सेटिंग) लावा किंवा हाताने गिअर निवडा, नाहीतर वरच्या दोन गिअरमध्ये सारखी ये-जा करून गिअरबॉक्सचं ऑइल तापतं.

घाट त्यानंतर, आणि तेही क्रमाने. आधी बाळ्ळीहून काणकोणच्या चावडीकडे जाणारा करमल घाट. तो निभावला की मग मोल्याहून अनमोड, तेही उन्हाच्या वेळी नको. अवजड ट्रकांच्या रांगेत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रेंगाळताना रेडिएटरला वाराच मिळत नाही. पावसाळ्यात दरडी कोसळतात आणि जड वाहनांवर बंदी येते, ते आधी चौकशी करून निघा. केरीहून चोर्ल्याला नव्या गाडीने ट्रॉली नेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. अरुंद वळणांवर ट्रॉलीचं आतलं चाक रस्ता सोडतं आणि समोरून बस आली की मागे घ्यायला जागा नसते.

चढताना तापमानाचा काटा नेहमीच्या वर सरकला तर एसी बंद करा, गिअर खाली आणा, पॅडल हलकं करा. तरी उतरत नसेल तर रुंद जागी थांबा, पण इंजिन लगेच बंद करू नका. दोन मिनिटं आयडलवर चालू द्या, म्हणजे टर्बोतलं ऑइल भाजत नाही. काटा लाल पट्ट्यात गेला असेल तर मात्र लगेच बंद. उतरताना चढलेल्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेक दाबायचा, वेग कमी करायचा, सोडायचा. पाय ठेवून राहिलात तर पुढच्या वळणावर जळका वास येईल.

होडीच्या उतारावर

क्लच सर्वात जास्त इथेच मरतो. ओल्या उतारावर, शेवाळावर, मागे आठशे किलो, आणि चालक अर्ध्या क्लचवर इंच-इंच चढवतोय. नव्या क्लचची प्लेट अजून पूर्ण बसलेली नसते, पाच मिनिटांत ती काचेसारखी होते. फोर बाय फोर असेल तर लो रेंज (जास्त जोराचे, हळू गतीचे गिअर) लावा, हॅण्डब्रेकवर गाडी धरा, क्लच पूर्ण सोडा आणि आयडलवर चढू द्या. टू व्हील ड्राइव्हवाल्यांनी भरतीची वेळ साधावी, म्हणजे ट्रॉली उताराच्या खालच्या शेवाळी भागापर्यंत न्यावी लागत नाही. वास आला की अर्धा तास थांबा. फेरीबोटीच्या रॅम्पवरही हीच गोष्ट.

रस्त्यावरून आल्या-आल्या ट्रॉली पाण्यात ढकलू नका. तापलेली बेअरिंगं थंड खाऱ्या पाण्यात बुडाली की आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढलं जातं. वीस-तीस मिनिटं थांबा. पिकअपच्या मागच्या हाउसिंगचंही तसंच: ते पाण्यात गेलं तर ब्रीदरमधून (हवा जायच्या बारीक तोंडातून) पाणी शिरतं आणि ऑइल दुधी होतं. दुधी ऑइलवर नवा क्राउन फार दिवस टिकत नाही. मागची चाकं कोरडी राहतील एवढंच मागे जा. तेवढ्याने होडी तरंगत नसेल तर ट्रॉलीचा दांडा लांब करून घ्या. घरी आल्यावर ट्रॉली आणि गाडीचं पोट गोड्या पाण्याने धुवा, ब्रेकवर नळ जरा जास्त वेळ धरा.

नाइलाजच झाला तर

पहिल्या हजार किलोमीटरच्या आत ओढावंच लागलं, तर अर्ध्याहून कमी वजन, सपाट रस्ता, वीस-पंचवीस किलोमीटर, ताशी ५० च्या आत, आणि त्यानंतर इंजिन व हाउसिंग दोन्हींचं ऑइल लवकर बदलायचं. जनरेटरवाल्याची जुनी गाडी भाड्याने मिळत असेल तर तो खर्च स्वस्त पडतो. बंद पडलेल्या मित्राच्या गाडीला दोरीने टोचन द्यायला नव्या पिकअपने जाऊ नका. दोरी सैल होऊन ताणली जाते तेव्हा बसणारा झटका क्राउनच्या दात्यांना शांतपणे ओढलेल्या टनापेक्षा वाईट.

ट्रॉलीसह ८०० पूर्ण झाले की एकदा सगळं आवळून घ्या: हुकाचे बोल्ट, ट्रॉलीच्या पाट्यांचे यू-बोल्ट, चाकांचे नट. मग मोकळ्या रस्त्यावर रेडिओ बंद करून ताशी ६० ने चाला आणि ऐका. पॅडल दाबल्यावर हुंकार येतो आणि सोडल्यावर थांबतो, किंवा नेमकं उलट होतं, तर तो क्राउन-पिनियनचा. पॅडलचा संबंध नसेल आणि वळताना आवाज बदलत असेल तर चाकाचं बेअरिंग. दोन्हींची तक्रार वॉरंटीत, जॉबकार्डवर किलोमीटर आणि वेग लिहून घेऊन नोंदवा. 'आवाज येतो' एवढंच लिहिलं तर 'तपासलं, ठीक आहे' एवढंच उत्तर मिळतं.